मीनलची जन्मभराची लिमिट

लसींच्या तारखा फॉर्मवर उतरवता उतरवता माझा हात थांबला. आठव्या महिन्यात वजन आठ किलो. त्यानंतर दीड वर्षाने अडीच किलो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुबईत, ऊद मेथातल्या एका ऑफिसात मी परदेशी शिक्षणाचे कागद करायचे. समोर अल नहदातले सावंत, त्यांची बायको आणि मुलगी मीनल. इथल्याच अमेरिकन कॉलेजातून बी.एस्सी. करून तिने अमेरिकेत मेडिकलची सीट मिळवली होती. जन्म तिथला, म्हणून पासपोर्ट तिथला, म्हणून तिथल्या सरकारचं विद्यार्थी-कर्ज. ते मिळालं नाही तर सीट सोडावी लागणार होती.

या कर्जाला दोन लिमिट असतात. एक वर्षाची, एक जन्मभराची. डॉक्टर होणाऱ्यांना दोन्ही वरच्या मिळतात, तरी फी पुरी भागत नाही. सावंत मोठ्याने हिशेब करत होते. "लिमिटच्या वर वर्षाला लाख दिऱ्हम. म्हणजे बारा लाख रुपये. इन्शाल्ला, जमवू."

कॉलेजला जन्मापासूनच्या लसी हव्या होत्या. सावंतवहिनींनी घरात होतं ते सगळं उचलून आणलं होतं. एक अमेरिकन कार्ड, एक कोकणातल्या गावच्या आरोग्य केंद्राचं. दोन्हींवर नाव मीनल. अमेरिकन कार्ड आठव्या महिन्यात संपत होतं. गावच्या कार्डावर पहिली नोंद बीसीजीची, म्हणजे बाळ जन्मल्या जन्मल्या देतात ती लस.

"दुसऱ्या कुणाचं कार्ड आलंय का?" मी विचारलं.

"छे! नर्सने चुकीचं लिहिलं असेल," सावंत घाईने म्हणाले.

मीनल हसली. "आय वॉज ऑल्वेज टायनी, आँटी. टीचर म्हणायची, धिस गर्ल इज नॉट हर एज."

"चिंधे, गप बस," वहिनी म्हणाल्या.

सकाळपासून त्या लेकीला चिंधीच म्हणत होत्या. मी ते लाडाचं समजले होते. आता मी दोन्ही कार्डं पुन्हा बघितली. आपल्याकडे आधीचं मूल गेलं की पुढच्याला असं टाकाऊ नाव देतात, मरणाची नजर जाऊ नये म्हणून.

"वहिनी, हिच्या आधी कोण होतं?"

वहिनींनी अमेरिकन कार्डावरच्या नावावर बोट ठेवलं.

"मीनल," त्या म्हणाल्या.

आठ महिन्यांची मीनल गावी तापाने दोन दिवसांत गेली. मृत्यूची नोंद कुठेच केली नाही. दीड वर्षाने त्याच खोलीत ही जन्मली. ही दोन वर्षांची झाल्यावर सावंतांनी तिला पहिलीच्याच अमेरिकन पासपोर्टवर शारजाला आणलं.

"पासपोर्टवर तान्ह्या बाळाचा फोटो, ताई. कोण निरखून बघतं?" सावंत म्हणाले.

"मी हिला त्या नावाने कधी हाक मारली नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "हाक मारली, आणि तिनेच ओ दिली तर?"

मी उठून आमच्या कुरियन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आपने कुछ देखा नहीं. यल्ला, भेज दो."

माझं डोकंच फिरलं. "साहब, साइन उस लड़की की होगी. फँसेगी भी वही."

परत आले तेव्हा कर्जाचा फॉर्म मीनलपुढे होता. सहीची जागा कोरी. ती आईकडे बघत होती.

"हाऊ ओल्ड ॲम आय?"

"वीस," वहिनी म्हणाल्या. कागदावर ती बावीस वर्षांची होती.

तिने पेन त्या अमेरिकन कार्डावर ठेवलं. "द लोन इज हर्स, आँटी. आय कान्ट साइन फॉर हर."

फॉर्म गेला नाही. सीट गेली. सावंतांनी वकील गाठला, पासपोर्ट परत केला, गावच्या कार्डावरून मुलीचा खरा जन्मदाखला काढला. ती पुढे भारतात फिजिओथेरपी शिकली. डॉक्टर झाली असती, ही रुखरुख मला अजून आहे.

तेव्हापासून फॉर्म भरण्याआधी मी लसीचं कार्ड मागायचे, आणि तारखांबरोबर वजनही बघायचे. पासपोर्टवर काहीही खपतं. वजन मात्र उलटं जात नाही.

अमेरिकन कार्ड माझ्या टेबलावरच राहिलं. दोनदा फोन केला. "असू दे तुमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. फेकवत नाही, म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जन्मभराची लिमिट त्या आठ महिन्यांच्या पोरीची होती. त्या लिमिटमधला एक डॉलरही कुणी उचललेला नाही.