पार्थिव

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे मात्राबाई म्हणायचे. निधनाच्या जाहिराती तपासता तपासता तीस वर्षं झाली होती, पण एक वेलांटी नजरेतून सुटायची नाही. घरी बोलायला माणूस नव्हतं. वर्षापूर्वी आई गेली, आणि रेडिओसुद्धा बंद पडला.

एका दुपारी कुंभाराची म्हातारी बायको जाहिरात द्यायला आली. नवरा पहाटेच गेला होता. मात्राबाईंनी उद्याच्या अंकासाठी ठरलेला मजकूर वाचून दाखवला, “त्यांचे पार्थिव आज सकाळी दहा वाजता राहत्या घरून निघेल.”

“पार्थिव म्हणजे काय हो?”

“पृथ्वीचं, मातीचं. म्हणून देहाला म्हणतात.”

“मग आमची मडकीपण पार्थिवच!”

“हो की. जुन्या काव्यात तर राजालाही पार्थिव म्हणत. पृथ्वीचा धनी म्हणून.”

म्हातारी खुदकन हसली. “राजा! उभा जन्म चिखलात गेला बिचाऱ्याचा.” हसता हसताच तिचे डोळे भरून आले. “तो शब्द काढा, बाई. मडक्यासारखं नका लिहू. ते निघतील, असं लिहा.”

मात्राबाईंचा हात थबकला. आईच्या जाहिरातीतही त्यांनी हाच शब्द घातला होता. सवयीनं. ‘र्थि’ ऱ्हस्व आहे ना, तेवढं दोनदा पाहिलं होतं.

त्यांनी लिहिलं, ‘ते आज सकाळी दहा वाजता घरून निघतील.’

“अहो, हे काय गावाला चाललेत?” उपसंपादक हसला.

“छापा तसंच,” मात्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून त्यानं मजकूर तसाच छपाईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसनं कुंभाराच्या गल्लीत पोचल्या. दारात चार शेजारी आणि एक भाचा, बस्स. म्हातारीनं ओळखलं.

“काही चुकलं का छापण्यात?”

“नाही. सहज आले.”

दहाला ते निघाले. म्हातारी कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. माणसं दिसेनाशी झाल्यावर दोघी परतल्या. उंबऱ्याशी म्हातारीचे पाय अडले.

“तुम्ही आधी शिरा आत,” ती म्हणाली. “मला एकटीला नाही जमत.”

मात्राबाई आत शिरल्या. खाटेवर दोघी शेजारी शेजारी बसल्या. कचेरीतून फोन आला, तेव्हा बारा वाजले होते.

“आज येत नाही,” त्यांनी सांगितलं.