माझ्या बहिणीची मुलगी

हे नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही, शेजारच्या काकूंना नाही. आणि जिला माहीत आहे, तिच्याशी मी यावर कधी अवाक्षर काढलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण मला समजून वगैरे घ्यायला बसू नका. ऐका फक्त.

माझी मुलगी सानिका जाड होती. ‘तब्येतीनं चांगली’ नाही, ‘खात्यापित्या घरची’ नाही — जाड. सहावीत असताना तिला माझा कुर्ता यायचा. लोक विचारायचे, काय खाऊ घालता हो? काय घालणार! सकाळी माझ्या दोन बॅच, नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर, पोरीच्या डब्यात पुड्यातलं जे हाताशी येईल ते. शाळेच्या मैदानात बसगाड्या उभ्या. शाळा सुटली की ट्यूशन. आणि आमच्या नागपुरात मे महिन्यात दुपारी पोरांना खेळायला बाहेर पाठवून दाखवा, मग बोला. पण थांबा — हा बचाव नाही. तिचं जाड असणं हा गुन्हाच नव्हता. तिचा नाही, माझाही नाही. माझा गुन्हा वेगळा आहे.

बॅच म्हणजे गाण्यांवर नाचून करायच्या व्यायामाच्या. सक्करदऱ्यात एका दुकानावरचा हॉल घेऊन मी बायकांचं वजन उतरवून द्यायची. अजूनही देते. खाली बोर्डावर माझाच फोटो — सडपातळ, हसरी. आलं ना लक्षात, मी कुठे चाललेय ते?

संध्याकाळीही एक बॅच असायची आणि घरी कोणी नसायचं, म्हणून सानिका ट्यूशनहून थेट हॉलवर यायची. कोपऱ्यातल्या बाकावर गृहपाठ करायची. तो झाला की मागच्या रांगेत उभी राहून आमच्यासोबत नाचायची. धापा टाकायची, पण ताल — ताल एकदाही चुकायचा नाही. माझ्या अर्ध्या बायका चुकायच्या.

मग ती जुनी बॅच संपली, आणि नव्या बॅचला एकाच सोसायटीतल्या सात-आठ जणी एकदम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या एकीनं मागे वळून पाहिलं. “मॅडम, ही पोरगी कोणाची?”

तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. खरंच नव्हतं. तरी माझी नजर आधी पोरीच्या पोटावर गेली, मग त्या बाईच्या डोळ्यांवर, आणि मी म्हणाले, “माझ्या बहिणीची. भिवापूरची. शिकायला ठेवलीय माझ्याकडे.”

भिवापूरला माझी बहीण आहे खरी. तिला मूलबाळ नाही.

सानिका चार पावलांवर होती. थांबली. बाकावर जाऊन बसली. क्लास सुटला तेव्हा सगळ्यांसमोर माझ्याजवळ आली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “मावशी, घरी कधी जाऊन राहिलो आपण?”

अकरा वर्षांची पोर. तिनं मला वाचवलं, की मारलं?

इथेच थांबले असते, तर म्हणता आलं असतं — जीभ घसरली. नाही थांबले. बायका म्हणायच्या, “बहिणीले सांगा नं, पोरीकडे लक्ष दे म्हणा.” आणि मी म्हणायची, “किती सांगितलं! ऐकूनच नाही राहिली. आळशी आहे ती.” दोन वर्षं — दोन वर्षं मी त्या हॉलमध्ये एका निष्काळजी आईची उणीदुणी काढली. ती आई मीच, आणि माझी पोर बाकावर खाली मान घालून ऐकत असायची. मागच्या रांगेत ती परत कधी उभी राहिली नाही. घरी “आई”. हॉलचा जिना चढला की “मावशी”. त्यातही कधी चुकली नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं घराची किल्ली मागून घेतली. काहून, ते मी विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटलं — हेही सांगून ठेवते.

दहावीत पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे घेत होतो, तर दुकानात त्या सोसायटीतलीच एक बाई भेटली. “अरे वा मॅडम, तुमची भाची नं ही?” सानिका माझ्याकडे बघत राहिली. मला वेळ दिला तिनं — भरपूर वेळ. आणि मी म्हणाले, “हो. हुशार आहे.”

कोणी म्हणेल, पोटासाठी केलं असेल बिचारीनं. बिचारी म्हणू नका मला. बायका तरीही आल्या असत्या. मी शिकवते चांगलं. मला पोटच्या पोरीची लाज वाटली, एवढंच आहे ते. त्याला दुसरं नाव देणार नाही.

ती आता कॉलेजात आहे. तिचं वजन आज किती, कमी झालं का — नाही सांगणार. तुम्हाला तेच जाणून घ्यायचं असेल, तर त्या हॉलमध्ये तुम्ही माझ्याच शेजारी उभे होता.

आम्ही दोघी बाजारात जातो, लग्नकार्यांना जातो. कोणी अनोळखी भेटलं, ओळख करून द्यायची वेळ आली, की सानिका गप्प होते. रागात नाही. नुसती थांबते — मी काय म्हणते ते ऐकायला.