सावली पाडू नका

त्या मंगळवारी सकाळी मुनीरभाई कॉलनीमागच्या मुरुमाच्या ढिगाजवळ पालथे पडले होते. माणसं बाजूने जात होती. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते गेलेले होते.

ही माणसं निर्दय नव्हती, हे समजायला मुनीरभाई माहीत असावे लागतात. नगरच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळतो. घरं शेजारी होती. परदेशी मालिकांमधले, सिनेमांमधले वीर वीतभर उंचीच्या बाहुल्यांच्या रूपात मिळतात. त्यांचे सगळे सांधे हलतात. मुनीरभाई ते महिने महिने आधी मागवून ठेवत. इंग्रजीत त्यांना ॲक्शन फिगर म्हणतात. मुनीरभाई त्यांना ‘माणूस’ म्हणत. “ग्रंथपाल, नवा माणूस आलाय, या.” मी जाईपर्यंत दारातच खोक्याची पट्टी कापलेली असायची. पुण्याचे त्यांचे संग्राहक मित्र खोकं फोडतच नसत, त्याने किंमत उतरते म्हणून. मुनीरभाई हसायचे. “डबाच ठेवायचा तर डबाच मागवला असता ना.”

नव्या माणसाचा गुडघा ताठ असला, तर तो गरम पाण्यात बुडवावा लागे. नसीमभाभी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “भाईजान, बघा हो, चहाच्या पातेल्यात यांचा माणूस शिजतोय! आता हाच चहा प्या तुम्ही.” मुनीरभाई म्हणायचे, “साखर जरा कमी घाल, त्याला चालत नाही.”

मग फोटो. पहिला फोटो घरात काढायचा नाही, हा त्यांचा नियम. माणूस मुरुमावर उभा करायचा आणि आपण मोबाईल घेऊन पोटावर पालथं पडायचं, गाल मातीला टेकवून. “आपण उभं राहून पाहिलं की तो खेळणं दिसतो. त्याच्याएवढं व्हा, मग बघा, हा ढीग हिमालय आहे.” आणि खरंच, फोटोत तो हिमालय असायचा. कुणी जवळ आलं की ते मान न वळवता ओरडत, “सावली! सावली पाडू नका!”

एकदा आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला गेलो होतो. भातखाचराच्या बांधावर चिलखत घातलेला एक माणूस उभा करून ते असेच पालथे पडले आणि लांबून एक म्हातारे शेतकरी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. “काय झालं व्हय? चक्कर आली का?”

“नाही काका, फोटो काढतोय.”

“कुनाचा?”

मुनीरभाईंनी बोट दाखवलं. म्हातारबांनी वाकून त्या चिलखतवाल्याला नीट पाहिलं. “आन् लेकरू कुठंय ह्याचं?”

“लेकरू मीच, काका.”

“मोप मोठं झालंय की!” म्हातारबा म्हणाले. धावून त्यांनाच धाप लागली होती; आणलेलं पाणी त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं.

कॉलनीत मात्र आता कुणी धावत येत नसे. सगळ्यांना सवय झाली होती. पोरंसुद्धा चेंडू अडवून धरत.

सोमवारी संध्याकाळी एक अंतराळवीर आला. त्याची ते उन्हाळ्यापासून वाट पाहत होते. मंगळवारी उन्हं कोवळी असतानाच ते त्याला घेऊन बाहेर पडले. पुढचं मी लोकांकडून ऐकलं. मी त्या सकाळी पुण्यात होतो, फोन आला तसा परतलो.

दवाखान्याच्या आवारात कॉलनीतले निवृत्त जगतापकाका मला पुन्हा पुन्हा सांगत होते, “मी सायकलवरून उतरलो हो. धूळ उडू नये म्हणून हातात धरून नेली. उन्हाच्या बाजूने गेलोच नाही. त्यांना सावली आवडत नाही ना!” पेपरवाला वळसा घालून गेला होता. शाळेच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला नव्हता.

भाजीवाल्या हिराबाई परतताना थांबल्या. “मी इचारलं, सर, आज कोन आलंय? बोलंनात. मग बघितलं तर त्यांचा मानूस मुठीतच हुता. उभा केलाच न्हवता. मग फोटो कशाचा काढत्याल?” त्यांनी पाटी टाकली आणि हाका मारल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

अकोल्यात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी हे वाक्य मनातून काढू शकत नाही.

कब्रस्तानात माती देताना दुपार कलली होती. आम्हा सगळ्यांच्या सावल्या त्यांच्यावर पडत होत्या. जगतापकाका सवयीने दोन पावलं मागे सरले, मग तिथेच उभे राहिले.

मी भाभींना भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “भाईजान, कुणाला बोलू नका. लांबून जा, असं ते सांगत होते ना सगळ्यांना? लोकांनी ऐकलं.”

कॉलनीत कुणी दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. जगतापकाका आता सायकल काढत नाहीत. मुनीरभाईंच्या काचेच्या कपाटात माणसं उभी आहेत. सांधे सैल झाले की एखादा पडतो आणि पडलेला राहतो.

अंतराळवीर भाभींनी मला दिला. तो ग्रंथालयात माझ्या टेबलावर असतो. त्याचा फोटो कुणी काढलेला नाही.