सहा पॉइंट दोन कुणाचे?

माझं चांगलं रक्त माझ्या सासऱ्यांनी पळवलं, असं मी एक आठवडा अगदी गंभीरपणे मानत होते.

सासरे म्हणजे बाबा. मूळचे वर्ध्याचे, पण सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तिथे ते इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर कर्वेनगरला आमच्याकडे राहायला आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा मधुमेहही आला. तो मात्र आम्हाला बरीच वर्षं दिसला नाही, कारण बाबा तपासणीची तयारी करायचे. उपाशीपोटी रक्त द्यायच्या आधी चार दिवस ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक. रिपोर्ट उत्तम यायचा आणि लॅबमधून परतताना बाबा जिलेबी घेऊन यायचे. (पास झाल्याबद्दल!)

मग गेल्या जानेवारीत आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि त्यांच्या जागी एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बाबांना एचबीएवनसी नावाची टेस्ट लिहून दिली. बाबांनी नेहमीसारखी तयारी केली आणि आकडा आला आठ पॉइंट एक.

"हे चुकलंय," बाबा म्हणाले. "मी चार दिवस काही गोड खाल्लं नाही."

"चार दिवसांचा प्रश्नच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबड्या पेशी तीनेक महिने जगतात, तोवर ती चिकटलेलीच राहते. ही टेस्ट त्या सगळ्या दिवसांची सरासरी सांगते."

"म्हणजे आधी उपाशी राहून काही उपयोग नाही?"

"नाही. जेवून आलात तरी चालतं."

"मग ही फारच अविश्वासू टेस्ट आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. बाबांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि आंबा?"

"सातच्या खाली आलात तर रोज अर्धा. नाहीतर यंदा नुसता वास."

मी हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या, याचे मला पैसे मिळतात. (घरी मी हेच फुकट करते, असं माझा नवरा हेमंत म्हणतो.) तेव्हा बाबांचा आकडा खाली आणायचं काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. सकाळी कारल्याचा रस, नाश्त्याला मूग, संध्याकाळी टेकडी. आणि घरात येणाऱ्या प्रत्येक गोड वस्तूची दारातच जप्ती.

आणि वस्तू तरी किती याव्यात! संक्रांतीच्या गुळपोळ्या आल्या. नागपूरहून बाबांचा पुतण्या संत्रा बर्फी घेऊन आला, तीही दोन डबे. शेजारच्या मुलाला नोकरी लागली, पेढे आले. पाडव्याला हेमंतच्या ऑफिसने श्रीखंड वाटलं. बाबा बिचारे प्रत्येक वेळी डब्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. एकदा सत्यनारायणाचा शिरा आला, तेव्हा त्यांनी हळूच वाटी पुढे केली.

"अगं, एवढासाच उरलाय. वाया जाईल."

"वाया गेला तर गेला. पोट म्हणजे कचऱ्याचा डबा आहे का, बाबा?"

बाबांनी वाटी मागे घेतली. माझं मलाच वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त. आता जप्त केलेला माल बाबांच्या नजरेसमोर ठेवणं धोक्याचं आणि अन्न टाकणं तर आमच्याकडे कुणाला जमत नाही. त्यातून मी काहीतरी मार्ग काढत होते. काय मार्ग, ते घरात कुणी विचारलं नाही आणि मीही सांगत बसले नाही.

एप्रिलमध्ये लॅबच्या मॅडम स्कूटरवरून घरी रक्त घ्यायला आल्या. बाबांच्या दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "घरातल्या दुसऱ्या माणसाची केलीत तर निम्म्या दरात आहे."

हेमंत अंघोळीला गेला होता. पुण्यात निम्म्या दरात मिळतंय म्हटल्यावर माणूस न लागणाऱ्या बादल्यासुद्धा घेऊन येतो. मी बाही वर केली.

रिपोर्ट मोबाइलवर आले तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. बाबा, सहा पॉइंट दोन. मी, सात पॉइंट तीन. मी मीटिंगमध्येच हसले. इतकी ढोबळ चूक! बाहेर येऊन लॅबला फोन लावला.

"तुमच्याकडे दोन बाटल्यांची अदलाबदल झालीय."

"होत नाही," मॅडम म्हणाल्या.

"झालीय. माझे सासरे डायबेटिक आहेत, मी नाही."

"आता तुम्हीपण आहात."

"मी टेस्टिंगमध्ये आहे, मॅडम. चूक मला लांबून दिसते."

"मग जवळून पाहा. लेबल मी तुमच्यासमोर लावलंय." आणि फोन बंद.

बाबांचा रिपोर्ट त्यांच्याही मोबाइलवर गेला असणार, हे मला घरी पोचल्यावर कळलं. हेमंतच्या मित्राने रत्नागिरीहून पाठवलेली हापूसची पेटी खोलीच्या मधोमध उघडी होती आणि शेजारी बाबा आंबा धुऊन, पुसून, सुरी घेऊन बसले होते. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून!

"थांबा," मी म्हणाले आणि आंबा काढून घेतला. "हे सहा पॉइंट दोन तुमचे नाहीत, माझे आहेत. तुमचे सात पॉइंट तीन."

बाबांनी सुरी खाली ठेवली. "मी तीन महिने कारलं प्यायलो."

"म्हणून तर आठावरून सातावर आलात. प्रगती आहे."

"आयुष्यभर पेट्यांवर शिक्के मारले मी. चुकीचा शिक्का बसला असता तर खडकी राहिली नसती. आणि आता माझ्याच रक्तावर दुसऱ्याचा शिक्का?"

"लॅबची चूक आहे, बाबा. माझी नाही."

हेमंत दारातून म्हणाला, "किंवा मग दोन्ही रिपोर्ट बरोबर असतील."

"तू यात पडू नकोस," मी म्हणाले. त्याला पडायचं नव्हतंच, तो आत निघून गेला.

डॉक्टरीणबाई नेमक्या आठवडाभर गावाला गेल्या होत्या. तो आठवडा मला अजून आठवतो. सात पॉइंट तीन म्हणजे शिस्त कमी पडली, असा हिशेब करून मी बाबांच्या कारल्याचा पेला मोठा केला. टेकडी सकाळीही सुरू केली. बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जे काही सांगायचं ते माझ्यासमोर हेमंतला सांगायचे. "हेमंत, तिला सांग, मी वर जाऊन आलो. टेकडीच्या म्हणतोय. अजून त्या वर नाही."

आणि ती पेटी! सगळे आंबे जणू ठरवून एकदम पिकले. घरभर घमघमाट. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, तर वास तिथेही यायचा. पेटीत डाग पडलेले आंबे निघायला लागले. रोज रात्री बाबा झोपले की मी डागी आंबे वेगळे काढून सोलायचे, खराब भाग कापायचे आणि उरलेल्याचं काय करायचं ते करायचे. वैताग आला होता अगदी. माणसाने एका घरात किती बाजूंनी लढायचं?

डॉक्टरीणबाई परतल्या त्याच दिवशी आम्ही तिघं त्यांच्यासमोर जाऊन बसलो. मी सगळा प्रकार सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "शंका आहे ना? मग दोघांची परत करू. डायबेटिस आहे म्हणायच्या आधी तुमची परत करायचीच होती."

या वेळी मी कुणावर काही सोडलं नाही. दुसरी लॅब धरली. बाबांच्या बाटलीवर त्यांचं नाव मी स्वतः लिहिलं, माझ्या बाटलीवर माझं, आणि बाटल्या आत जाईपर्यंत काउंटरवरून हलले नाही. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मशीनपण तुम्हीच चालवता का?" मी लक्ष दिलं नाही.

बाबा, सहा पॉइंट दोन. मी, सात पॉइंट चार. त्या आठवड्यात मी वरच गेले होते!

"लॅबही बदलून झाली. आता काय बदलायचं राहिलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "दिवसभर काय खाता तुम्ही?"

"मी? काहीच नाही हो. सकाळी पोहे, दुपारी डबा, रात्री दोन पोळ्या."

"गोड?"

"आमच्या घरात गोड येतच नाही. आलं तर मी लगेच जप्त करते."

"मग ते जातं कुठे?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात आठवडाभर गप्प असलेला हेमंत बोलला. "गुळपोळ्या, संत्रा बर्फी, पेढे, श्रीखंड, शिरा. आणि परवापर्यंत डागी आंबे." तो थांबला आणि म्हणाला, "टाकवत नाही तिला."

बाबा माझ्याकडे बघत होते. तीन महिने ते ज्या नजरेने डब्याकडे बघायचे, तीच नजर होती. मला वाटलं आता ऐकवतील. पण ते डॉक्टरीणबाईंना इतकंच म्हणाले, "म्हणजे सहा पॉइंट दोन माझेच ना?"

"तुमचेच, काका. शाब्बास. रोज अर्धा आंबा."

त्या शब्दांनी त्यांचा चेहरा फुलून गेला. मी त्यांचा अख्खा आठवडा खाल्ला होता. तोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा तोच सदरा घालून बसले. पेटीत चांगले आंबे दोनच उरले होते. त्यांनी एक कापला, अर्धा हेमंतला दिला आणि अर्धा डोळे मिटून, अगदी सावकाश खाल्ला. मग माझ्याशी बोलले. "तुझा पेला ओट्यावर ठेवलाय. मोठा."

मी कारल्याचा रस घेतला. ताटलीत कोय पडली होती, तिला बराच गर होता. माझा हात आपोआप तिकडे गेला.

"ठेव ती खाली," बाबा म्हणाले.

"अहो, एवढा गर आहे बाबा. वाया जाईल."

"गेला तर गेला. पोट म्हणजे कचऱ्याचा डबा आहे का?"

मी कोय खाली ठेवली. जानेवारीपासून आमच्या घरात वाया गेलेली ती पहिलीच गोष्ट.