सोयरिकीचा पट आणि शेवटचं प्यादं

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल आणि दोष मला द्याल. मी जो गाढवपणा सांगणार आहे तो पनवेलच्या निदान चार आळ्यांना ठाऊक आहे, आणि प्रत्येक आळीत तो थोडा वाढवून सांगतात. मूळ प्रत माझ्याकडे आहे. ती ऐका.

पेन्शनीत निघाल्यापासून आमच्या घरात खेळांना ऊत आला आहे. कॅरम झाला, सोंगट्या झाल्या. कॅरममध्ये माझा स्ट्रायकर सोंगटीआधी भोकात जातो. सापशिडीत नव्व्याण्णवचा साप माझी वाटच बघत असतो. सौभाग्यवती कवड्या अशा टाकतात, की त्या पडायच्या आधीच दान किती ते बाई सांगून मोकळ्या! पण बुद्धिबळाचं तसं नाही. बुद्धिबळात मी स्वतःला पोहोचलेला समजत होतो. कशात पोहोचलेला? तर हरण्यात!

हसू नका. कचेरीत तीस वर्षं काढली आहेत मी. येणाऱ्या प्रत्येक साहेबाला बुद्धिबळाचा नाद असायचा आणि समोर बसायला मी. साहेबाशी जिंकणारा कारकून कुणी पाहिला आहे का? मग हरायचं. तेही असं बेमालूम, की साहेबाला वाटावं, आपण केवढा पराक्रम केला! या विषयावर इंग्रजी पुस्तकसुद्धा वाचलं होतं मी. म्हणजे जिंकायचं कसं यावर. मी ते उलटं वाचायचो.

तर आमच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरत होतं. मुलगा जासईचा, उरणच्या शाळेत मास्तर. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. इतका की स्थळाचं नाव निघालं की सुमन भाकरी करपवायची. अडलं होतं ते फक्त मुलाच्या वडिलांपाशी. त्यांना सगळे तात्या म्हणत. मिठागरवाले, भरघोस मिशांचे, आणि कचेरीतल्या कारकुनांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एकदा जमिनीच्या कुठल्याशा कागदासाठी त्यांना कुणा कारकुनाने अकरा खेपा घालायला लावल्या होत्या. (तो मी नव्हतो. मी सातच्या वर कुणाला घालायला लावल्या नाहीत.)

मध्यस्थ होते महादूमामा, आमच्या हिचे भाऊ. ते आदल्या दिवशी येऊन बजावून गेले.

"भाऊजी, तात्या उद्या जेवायला येतो हाय. जेवून पट मांडील. त्याचा म्हनना असा, की मानूस पटावर कलतो. जरा जपून."

"मामा, काळजी सोडा. जपून म्हणजे कसं ते मला शिकवू नका."

"त्याचंच तर भ्या वाटतं," मामा म्हणाले. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तात्या आले. जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी असा बेत होता. तात्या मनापासून जेवले. सुमनने वाढलं, तिच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलेही. मग ओटीवर येऊन त्यांनी पिशवीतून स्वतःचा पट काढला. कापडी पट, लाकडी मोहरी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. मामा तात्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले. सुमन दाराआड.

पहिल्याच चालीला मी प्यादं दोन घरं पुढे टाकलं. तात्यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि एक घर मागे ठेवलं.

"आमच्याकडं प्यादा पायानं चालतो, भाऊसाहेब. उडत नाय."

"अर्थात, अर्थात!" मी म्हटलं.

पुढे मी किल्लेकोट केला. राजा दोन घरं सरकवून हत्तीच्या आडोशाला बसवला.

"ह्यो राजा हत्तीमागं का लपला? कुनाचा देना हाय का त्याला?" असं म्हणून तात्यांनी राजाही परत आणून ठेवला.

म्हणजे हे गृहस्थ देशी पद्धतीने खेळणारे! एवढाच काय तो फरक, असं मी मनाशी टिपलं आणि माझ्या कामाला लागलो. कसल्या? हरण्याच्या!

आधी एक घोडा दिला. तात्या खूश. मग एक उंट सरकवला त्यांच्या वजिराच्या तोंडी. तोही गेला. मग हत्ती. हत्ती घेताना मात्र तात्या जरा थबकले. मला वाटलं, भिडस्त माणूस आहे, लेकीच्या बापाचा हत्ती घ्यायला लाजतो आहे.

"घ्या, तात्या, घ्या. संकोच करू नका!"

त्यांनी घेतला. मग वजीर पुढे केला. तात्या म्हणाले, "राहू द्या की." मी म्हटलं, "छे छे, घ्यायलाच पाहिजे!" तोही घेतला. माझी मोहरी भराभर कमी होऊ लागली आणि तात्यांच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्याच वाढू लागल्या. ते आता माझ्या प्याद्यांना वळसा घालून खेळू लागले. मी प्यादं समोर नेऊन ठेवलं की ते भलतंच काहीतरी हलवत.

"तात्या, एवढं एक घ्या."

"नको."

"माझ्यासाठी!"

"नको म्हनतो ना!"

आत आमच्या हिला वाटलं, पाहुण्यांना मी काहीतरी खायला आग्रह करतो आहे आणि ताट रिकामं आहे. ती लगबगीने बोरं नि चिंचेच्या गोळ्या घेऊन आली. तात्यांनी तिच्याकडेही रागाने बघितलं.

तात्यांच्या मागून मामा हाताने खुणा करू लागले. पंजा जोरजोरात हलवत होते. मी म्हटलं, मामा सांगताहेत, 'चालू दे, जोरात चालू दे!' मी डोळ्यांनीच त्यांना धीर दिला.

शेवटी माझ्याकडे उरला राजा आणि एक प्यादं. ते प्यादं तात्या काही केल्या घेईनात. पण तीस वर्षांची तपश्चर्या काय वाया जाते? त्यांच्या राजाभोवती त्यांच्याच मोहऱ्यांनी गर्दी केली होती. मी ते प्यादं पुढे रेटलं आणि थेट त्यांच्या राजाला शह दिला. राजाला जायला दुसरं घर नाही. प्यादं मारण्यावाचून गत्यंतरच नाही!

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्याद्याकडे पाहिलं. मग एखादा माणूस एरंडेल घेतो तसं त्यांनी ते घेतलं.

"जिंकलात! आता नुसत्या राजावर मी काय खेळणार?" मी हात जोडले. "काय खेळता, तात्या! आमच्या कलेक्टरांनासुद्धा असं जमलं नसतं!"

मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"आनखी एक डाव," तात्या म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. मी समजलो, गडी रंगात आला!

दुसऱ्या डावात मी लाज सोडली. अर्ध्या वेळात सगळं सैन्य त्यांच्या पदरात घातलं. शेवटचं प्यादं तर मी जवळजवळ त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तेही शह देत आलेलं, म्हणून त्यांना घ्यावं लागलं.

तात्या उठले. टोपी घातली.

"महादू, चल. ही सोयरीक नाय होनार."

आता काय झालं? मी जिंकू दिलं, दोनदा दिलं! दाराआड सुमनच्या हातातला तांब्या खणकन पडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मामा उठून माझ्या कानाशी आले. कानाशी म्हणजे काय, अख्ख्या आळीने ऐकलं. "अवो भाऊजी! देशी खेलात समोरच्याचा नुसता राजा उरला, तर ती बुर्जी! डाव बरोबरीत जातो. जिंकायचा असंल तर समोरच्याचा एक तरी मोहरा जपावा लागतो. तात्या तुमचा प्यादा पोटच्या पोरासारका जपत हुता, नि तुमी..."

म्हणजे हातात सगळं सैन्य असलेल्या माणसाला मी एका प्याद्याच्या बळावर दोनदा रोखलं होतं! आणि वर हात जोडून 'जिंकलात' म्हटलं होतं!

"चाळीस वर्सांत मला कुनी बुर्जी केला नाय," तात्या म्हणाले. "ह्यानी दोनदा केला. नि तोंडावर हसला. असला लबाड मानूस मी सोयरा करू?"

तेवढ्यात सुमन बाहेर आली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. "तात्या, बाबा तुमची थट्टा नव्हते करत. ते हरत होते. साहेबांपुढे मुद्दाम हरायची सवय आहे त्यांना."

"मुद्दाम?" तात्या गर्रकन वळले. "म्हंजे मला काय पोर समजला? बसा! बसा म्हनतो! आता एक डाव खरा खेलायचा. मुद्दाम हरलात, तर मी चाललो. मला कलतो!"

बसलो. खरं सांगतो, कचेरीच्या परीक्षेलाही असा घाम फुटला नव्हता. वाचलेलं सगळं इंग्रजी पुस्तक आठवलं, या वेळी सुलटं. प्रत्येक चालीला जीव तोडून विचार केला. आणि पंधराव्या चालीला तात्यांनी माझा वजीर खाल्ला. विसाव्याच्या आत त्यांच्या एका यःकश्चित प्याद्याने माझ्या राजाला कोपऱ्यात गाठलं.

"प्यादेमात," तात्या म्हणाले. आणि मग खवळले! "परत मुद्दाम! परत तेच!"

"नाही हो, शपथ!"

"इतका वाईट कुनी खरा खेलतो काय?"

आमची ही पुढे झाली. "खेळतात हो. हे खरंच असेच खेळतात. मी रोज बघते."

बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी ती अशी! पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी पटाकडे बघत होतो. वजीर मी तिथे न्यायलाच नको होता. घोडा मधे घातला असता, तर...

"तात्या," मी म्हटलं, "ती वजिराची चाल परत घेऊ का? एकच. मी दुसरीकडेच बघत होतो."

तात्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या. मग पोट. मग अख्खा माणूस हसायला लागला तो थांबेचना. बोरांचं ताट उलटं झालं.

"मुद्दाम हरनारा चाल परत नाय मागत!" डोळे पुसत ते म्हणाले. "महादू, खरा हाय रं ह्यो, खरा हाय!"

सुमन आत पळाली. मामांनी देवाला हात जोडले. आणि मी? मी मनात एकेक साहेब आठवत होतो. त्यांच्याशी हरलेला एकेक डाव आठवत होतो, आणि त्यातला मुद्दाम हरलेला नेमका कुठला, ते मला सापडेना.

तात्या जोडे घालून अंगणात उतरले. जाता जाता मामांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी निकाल दिला. हळू बोलायची या दोघांपैकी कुणालाच सवय नाही.

"मला वाटला, कारकून हाय, लबाड असंल. लबाड नाय रं. नुसता अडानी हाय. अडान्याची पोर चालंल आमाला."

आणि मी, इंग्रजी पुस्तकं वाचलेला माणूस, ओटीवरून दोन्ही हात जोडून म्हणालो, "फार उपकार झाले, तात्या!"