पाठ फिरवून बसणारा ऑपरेटर

१९८१ साली राधाकिसन परतूरच्या टेलिफोन एक्सचेंजला ऑपरेटर म्हणून बदलून आले, तेव्हा गावात फोन साठ आणि नंबर एकालाही पाठ नाही. लोक हँडल फिरवून म्हणायचे, "हां, आडतीवरून बोलून राह्यलो, आमच्या व्याह्याला लाव." कोणते व्याही, कोणतं गाव, हे राधाकिसननी समजून घ्यायचं. जालन्याची लाइन जाम असली की ते सेलू-परभणीवरून फिरवून औरंगाबाद गाठायचे. कॉल लागला की स्टेशनातल्या घोषणेसारखं नाकातून म्हणायचे, "बोला, लागलाऽऽ." मग हेडफोन काढून टेबलावर ठेवायचे आणि बोर्डाकडे पाठ फिरवून बसायचे. बोलणं संपल्याची खूण म्हणून बोर्डावरची झडप खटकन पडली की वळायचे. लोकांचं बोलणं ऐकायची चावी हाताशीच होती. शेजारच्या गावचा ऑपरेटर ती दाबून सोयरिकी मोडल्याच्या बातम्या नवरदेवाच्या आधी गावाला सांगायचा. राधाकिसनच्या बोर्डावर ती चावी गंजली.

तेरा वर्षांनी एक्सचेंज ऑटोमॅटिक झालं आणि राधाकिसनना बिलांच्या खिडकीवर बसवलं. २००१ साली ते रिटायर झाले. त्याच साली त्यांचा शाळासोबती रामराव यानं स्टेशन रोडवर इंटरनेट कॅफे टाकला. जागा अण्णासाहेबांची, म्हणजे ज्यांना गावात कुणी नाही म्हणत नसे त्यांची. रामराव म्हणाला, तू नुसता बस, मशीनचं मी पाहतो. राधाकिसन बसले. गिऱ्हाईक टाइप करायला लागलं की सवयीनं खुर्ची रस्त्याकडे फिरवायचे. मशीनच्या आत काय साठतंय हे त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याचं असतं ते, म्हणायचे.

रिकाम्या वेळी त्यांना एक मेलिंग लिस्ट सापडली. तिथं जगभरचे इंजिनिअर इंटरनेटचे नियम ठरवायला एकमेकांना ईमेल लिहून भांडायचे. एक अमेरिकन "अत्यंत आदरपूर्वक असहमत" असं सुरू करून पुढं चार पानं समोरच्याचं वस्त्रहरण करायचा. एक जर्मन फक्त लिहायचा, "नाही. कलम तीन." राधाकिसन रामरावला दोघांचे आवाज काढून दाखवायचे आणि रामराव पोट धरून हसायचा. निरोप कोणत्या वाटेनं वळवावा, हा वाद वाचून राधाकिसन म्हणाले, हे तर आपलं सेलू-परभणीच आहे बिलकुल.

एकदा तिथं खडाजंगी झाली. सरकारला लोकांचं बोलणं ऐकता यावं म्हणून नियमातच जागा ठेवायची का? राधाकिसननी डिक्शनरी घेऊन दोन दिवस खपून पत्र लिहिलं. "रिस्पेक्टेड सर्स, ऐकायची चावी माझ्या हाताशी तेरा वर्षं होती. चावी असली की कुणी ना कुणी दाबतोच. ती बसवूच नका." जर्मनाचं उत्तर आलं, "सहमत." ते त्यांनी रामरावला दोनदा वाचून दाखवलं.

२००३च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, शिवकन्या कॅफेच्या दारात येऊन उभी राहिली. ही अण्णासाहेबांची धाकटी सून. पुण्याच्या एका शाळेत शिक्षिकेच्या नोकरीसाठी तिनं सासरच्यांना न सांगता इथूनच अर्ज केला होता. मेल उघडताना राधाकिसननीच तिला पडद्यावरचं कुलपाचं चित्र दाखवलं होतं. हे असलं की कुणाला वाचता येत नाही, निवांत लिही. आता सासऱ्यानं जेवताना तिचं पत्र शब्द न् शब्द म्हणून दाखवलं होतं, आणि तिच्याच मेलच्या पत्त्यावरून शाळेला, नोकरी नको, असा नकार गेला होता. ती पायरीवरच थांबली.

"काका, पासवर्ड मी कुणालाच सांगितला न्हाई. लिवलं ते फक्त हितं. तुमच्यापुढं."

"मी पाहिलं न्हाई, बाई. मी तर तिकडं तोंड करून बसतो."

"मंग कुणी पाहिलं?"

त्यांनी लिस्टवर विचारलं. सकाळी जर्मनाचं उत्तर आलं, त्याच्या हयातीतलं सगळ्यात लांब. कुलूप वाटेवर असतं, टोकाला कोण बसलंय ते कुलपाला कळत नाही, तुमचं मशीन उघडा. कसं उघडायचं तेही खाली होतं. राधाकिसननी कॅफेतली सहाही मशीन उघडली. तारीखवार फायली लावलेल्या होत्या, गिऱ्हाइकानं दाबलेलं प्रत्येक बटण त्यांत नोंदलेलं. शिवकन्येचं पत्र, तिचा पासवर्ड. मागच्या एका तारखेला "रिस्पेक्टेड सर्स", खोडाखोडीसकट.

रामराव आला तो चहा सांगूनच. फायली पाहून दचकलाही नाही. जागा अण्णासाहेबांची, त्यांनी सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं, घरच्या बायापोरींवर जरा नजर राहते, असं तो जावयाची समजूत काढावी तसं सांगत राहिला.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू बसला असता का मंग हितं?" रामराव म्हणाला. "अन् तू बसतो म्हणून तर लोकं मोकळं लिवतेत, राधा. म्हणतेत, ह्यो कव्हाच ऐकत न्हाई."

हे तो कौतुकानं म्हणाला. राधाकिसननी चहा तसाच ठेवला.

तीन दिवस ते कॅफेच्या दारात उभे राहून येईल त्याला सांगत होते, आत लिहू नका. रामरावनं उलट पसरवलं, म्हाताऱ्याला ऐकायची खोड एक्सचेंजपासूनच आहे. ज्यांचे व्याही राधाकिसननी तेरा वर्षं लावून दिले, ते आडतवाले आता त्यांना पाहून रस्त्याच्या पलीकडून जायला लागले.

पुण्याच्या शाळेला मात्र आता दोन दिवसांच्या आत शिवकन्येनं कळवायला हवं होतं, की नकार मी दिलेलाच नाही. तिनं घरी दवाखान्याचं कारण सांगितलं आणि दोघं सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला गेले. तिथल्या कॅफेत राधाकिसननी आधी मशीन तपासलं, पासवर्ड कसा बदलायचा ते सांगितलं. शिवकन्या खुर्चीत बसली, पण तिनं हात मांडीवरच ठेवले.

"तुमच्यावर भरवसा न्हाई असं न्हाई, काका," ती म्हणाली. "पण तुमी भाईर बसा."

"बराबर आहे," राधाकिसन म्हणाले, आणि बाहेर उन्हात पायरीवर जाऊन बसले. आतून तिनं दार लावून घेतलं.