खैरानचे बेचाळीस नळ

“तुकारामाचा हात जड आहे. नळ नको तितका आवळतो.”

लक्ष्मीकांत एवढंच बोलला होता. सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये, कुवेतच्या शर्क भागातल्या ऑफिसात, मालकासमोर. तेवढ्यावर गुहागरकडच्या एका कारागिराची अब्रू मातीला मिळाली.

झालं होतं असं. मालक अबू फैसलचे खैरानला समुद्रावर बेचाळीस बंगले. कुवेती लोक सुट्टीला येऊन राहतात तसले. तिथले सगळे नळ तुकारामाने स्वतःच्या हाताने बसवलेले. माल आणला होता कंपनीच्या खरेदीवाल्याने, म्हणजे लक्ष्मीकांतने. खोक्यावर इटलीचं नाव. वर्षभरात एका न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ मानेतून मोडला, आणि नेमकी आत मालकाची म्हातारी आई. दोन्ही पाय भाजले बिचारीचे. आठ दिवसांत तुकारामाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द झाला. बरं, लक्ष्मीकांत परका असता तर एक वेळ सोसलं असतं! चिपळूणचा माणूस. गावाहून येताना आठवणीने कुळथाचं पीठ आणून ज्याच्या घरी पोचवायचं, त्याने असा गळा कापला.

तुकाराम घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. ‘म्हातारीला भाजून आला’ असं त्याची बायको मालन पाणवठ्यावर ऐकून आली आणि दोन दिवस जेवली नाही. पुढची चार वर्षं गावात नवी घरं उठली, नळ बसले, पण तुकारामाला कुणी हाक मारली नाही. ज्या हाताला लोक नावाजायचे तो हात चिरे उचलू लागला. मोडक्या नळाची मान मात्र त्याने फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. आतल्या बाजूला नखाएवढा मासा उठवलेला होता, ओतणाऱ्या कारखान्याची खूण. रोज अंघोळ झाली की तो तुकडा काढून बघायचा. देवपूजा चुकेल, हे चुकायचं नाही.

दोन हजार एकला दाभोळच्या झहूरने त्याला परत कुवेतला बोलावलं. झहूरचं अब्बासियात नळ-पायपांचं दुकान. तुकाराम तळहातावर नळ तोलून धातू किती, भेसळ किती ते सांगतो हे त्याला ठाऊक होतं. दुकान चाललं, दोघं भागीदार झाले, आणि दोन हजार चारला झहूर म्हणाला की चीनला तूच जा, माल तूच पारख. इटलीच्या खोक्यातला असला माल चीनचाच असतो हे दुकानात बसून तुकारामाला कळलं होतं; बॅगेत त्याने सगळ्यात आधी काय भरलं ते सांगायला नकोच. त्या माशावाल्याला शोधून त्याच्या तोंडावर थुंकायचं, एवढं ठरवूनच तो विमानात बसला.

निंगबो शहराच्या दक्षिणेला त्याने एक गावच्या गाव पाहिलं, नळांचं. एका गल्लीत नुसत्या मुठी ओततात, दुसरीत आटे पाडतात, तिसरीत चकाकी देतात. मधून वाहणारा ओढा सकाळी हिरवा, दुपारी तांबडा. ज्या कारखान्यात जो मुलामा, तो रंग पाण्याला. सूर्य दिसायचा, पण डोळे न मिटता बघावा इतका मळका. जो तो काचेच्या बरणीत चहाची पानं घेऊन फिरतो आणि दिवसभर त्यावरच गरम पाणी ओततो. तुकारामाने थंड पाणी मागितलं तर बाई काळजीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघून गेली. पॉलिशच्या चाकावर बसलेल्या पोरी काळ्याठिक्कर, नुसते डोळे दिसत होते. बाराच्या ठोक्याला भात खाल्ला आणि कामाच्या फळीवरच माना टाकून सगळ्या झोपल्या. तुकाराम बघत राहिला. यांच्यावर दात खाऊन काय मिळणार, असं त्याला वाटलं. यांचेही हात कुणाच्यातरी नावे राबत होते.

मासा चौथ्या कारखान्यात सापडला. मालक वू नावाचा ठेंगणा माणूस. तुकारामाने फडकं सोडून मोडक्या नळाची मान समोर आपटली. वू शरमला नाही. तुकड्याकडे पाहिलं, दुभाषी मुलीशी दोन शब्द बोलला आणि तुकारामाला आतल्या कपाटापाशी घेऊन गेला.

तिथली रीत अशी, की गिऱ्हाईक ज्या नमुन्याला होकार देईल तो पिशवीत घालून लाखेने बंद करायचा आणि सोबतच्या कार्डावर गिऱ्हाइकाने स्वतः लिहून सही द्यायची. उद्या भांडण नको. वूने दोन नळ काढले. एक भरीव, एक लाखबंद पिशवीतला हलका. दुभाषी मुलगी म्हणाली, “दोन्ही दाखवले होते. तुमच्या माणसाने हलका घेतला, निम्म्या भावाचा. आम्ही मागाल ते बनवतो.”

हलक्याचं कार्ड तुकारामाने उलटं केलं. वर मधोमध ‘श्री’. खाली लक्ष्मीकांतची सही, तारीख, आणि इटलीच्या खोक्यात भरण्याची सूचना. परमुलखात, चोरीच्या कागदावरसुद्धा गड्याने आधी देवाला स्मरलं होतं! तुकाराम इतका हसला की बाहेर फळीवर दुपारच्या झोपेत असलेल्या पोरी जाग्या झाल्या. लक्ष्मीकांतने पुढचा माल समोरच्या कारखान्याकडून घेतला म्हणून वूच्याही पोटात आग होतीच. बंद पिशवी त्याने खुशीने हातात ठेवली.

कुवेतला उतरल्यावर झहूरला घेऊन तुकाराम थेट अबू फैसलच्या दिवाणियात, बाहेरच्या बैठकीत गेला. झहूरने अरबीत सगळं सांगितलं. म्हाताऱ्या आईचं नाव निघताच अबू फैसलने लक्ष्मीकांतला बोलावून घेतलं. आता सुटाबुटातला, पोट सुटलेला. कार्ड पाहून म्हणाला, हे माझं नाहीच, कुणीतरी बनवलंय.

तुकारामाने कोरा कागद आणि पेन पुढे केलं. “भाऊ, नुसतं नाव लिहा.”

जित्याची खोड! त्याने आधी मधोमध ‘श्री’ काढला. काढल्यावर कळलं. पेन तिथेच थांबलं. अबू फैसलला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण दोन्ही कागद शेजारी धरून आकार बघायला वाचता कशाला यायला हवं? त्याने कागद खाली ठेवले.

मग त्याने तुकारामाला विचारलं, तुझं काय म्हणणं? उद्याच्या विमानात बसवू?

लक्ष्मीकांतने तुकारामाचा हात धरला. पोरं शाळेत आहेत म्हणाला, आपण एका मुलखातले म्हणाला. तुकारामाला दया आली नाही. खोटं कशाला बोला? त्याला मालनचं न जेवलेलं ताट आठवत होतं.

“विमान नंतर,” तो म्हणाला. “आधी खैरानचे गरम पाण्याचे नळ बदलायचे राहिलेत, दर बंगल्याला एक. सगळे यांच्या हाताने.”

वूचे भरीव नळ येऊन पडले तेव्हा ऑगस्ट होता. पहिल्या बंगल्याच्या न्हाणीघरात तुकाराम खुर्ची टाकून बसला. अबू फैसल दारात उभा होता. लक्ष्मीकांतने शर्टाच्या बाह्या वर केल्या, नळ लावला, पान्याने आवळला.

“अजून,” तुकाराम म्हणाला. “माझा हात जड होता ना? जास्त आवळून नळ मोडतो असं तुम्हीच सांगितलंत. मोडून दाखवा.”

लक्ष्मीकांत पान्याला लोंबकळला. पाय भिंतीला लावून ओढला, तळहात सोलवटले, घामाने सदरा पाठीला चिकटला. भरीव नळ काही मोडला नाही. पाना टाकून तो लादीवर बसला आणि रडू लागला. अबू फैसलने तुकारामाकडे पाहिलं, माफी मागावी तसा छातीवर हात ठेवला आणि गाडीकडे गेला.

तुकारामाने खुर्ची उचलली.

“चला भाऊ,” तो म्हणाला. “एक्केचाळीस राहिलेत.”